बेलभंडाऱ्यावरचं मत

चौतीस वर्षांच्या नोकरीतले बरेच गुन्हे मी आता विसरलो आहे. काहींचे नुसते नंबर लक्षात आहेत, काहींतले चेहरे. ही एक घटना मात्र विसरायची ठरवूनही विसरता आलेली नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही, गावाचंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातलं एक गाव, एवढं पुरे. तिथल्या तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका उरकून तीन आठवडे झाले होते. बंदोबस्त संपला, बाहेरून आलेला फौजफाटा परत गेला आणि साचलेली समन्स-वॉरंटं काढून आम्ही पुन्हा रोजच्या कामाला लागलो होतो. सकाळी दहाच्या सुमारास नाशिकच्या दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून फोन आला. आमच्या हद्दीतली एक बाई, वय सदतीस-अडतीस, विष पोटात गेलेलं, प्रकृती गंभीर. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. मी एका उपनिरीक्षकाला आणि महिला शिपायाला दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः गावात गेलो.

लग्न झालेली बाई आणि विष म्हटलं की पोलिसाच्या डोक्यात पहिला नवरा येतो. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. हा नवरा ट्रॅक्टर चालवायचा. "पाण्याची बाटली समजून प्याली, साहेब," एवढंच तो सांगत होता. फवारणीच्या दिवसांत असे अपघात खरोखर होतात, पण अपघात झालेल्या घरातला माणूस दहा गोष्टी सांगतो: बाटली कुठे होती, कोणी ठेवली, कोण ओरडलं. हा एकच वाक्य घोकत होता आणि नजर जमिनीवर. मी त्याला गाडीत घातला आणि ठाण्यात आणून बसवला. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवला. आवाज चढवला, टेबलावर हात आपटले. त्याने वाक्य बदललं नाही. त्याची बायको तिकडे दवाखान्यात पडली होती आणि तो इकडे माझ्यासमोर बाकावर. हे लिहिताना मला आज लाज वाटते.

संध्याकाळी गावातली आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, ठाण्यात आली. तिनेच बाईला गाडी करून नाशिकला नेलं होतं. आत यायलाही ती तयार नव्हती, आवारातल्या नळापाशी उभी राहिली. मीच बाहेर गेलो.

"साहेब, त्या मानसाला सोडा. त्याच्या घरात काय बी झालं नाय."

"मग कुठे झालं?"

"देवळात."

"काय झालं देवळात?"

"ते मी नाय सांगायची. माझं नाव कुठं लिहू नका, मला त्याच गावात ऱ्हायचं हाय." एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

नवऱ्याला मी लगेच सोडला आणि आमच्याच एका हवालदाराबरोबर दवाखान्यात पोचवला.

दुसऱ्या दिवशी चौकशी वेगळ्या बाजूने सुरू केली. ती बाई द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायकांच्या टोळीत होती. छाटणी, विरळणी, द्राक्षांचे घड औषधात बुडवणं अशी कामं ही टोळी करायची. सकाळी पिकअप गाडी यायची, बायका बसायच्या, संध्याकाळी परत. टोळीतल्या पाच-सहा जणींना एकेक करून शाळेच्या खोलीत बोलावलं. महिला शिपाई सोबत होती. मी पहिलीला विचारलं, "ही बाई स्वभावाने कशी होती?" ती म्हणाली, "आम्हाला काय ठाव नाय. ती आपल्या आपन टोळीतून गेली, कुनी काढली नाय." मी टोळीचं नावही काढलं नव्हतं. दुसरीने तेच सांगितलं, तिसरीनेही, तेच शब्द त्याच क्रमाने. खरं सांगणारे लोक आपापसांत भांडतात, एक म्हणतो सोमवार तर दुसरा म्हणतो मंगळवार. सगळ्यांचं एकसारखं येऊ लागलं की कोणीतरी पढवलं आहे हे समजावं. माझ्या हाती एवढं लागलं की बाईला टोळीतून काढून टाकलं होतं.

गावाबाहेर खंडेरावाचं देऊळ आहे. तिथल्या म्हाताऱ्या गुरवाला मी ठाण्यात बोलावलं. पासष्टीचा माणूस, धोतर-टोपी. चहा मागवला, त्याने कपाला हात लावला नाही. मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. पण माहीत असल्यासारखं विचारायची आम्हाला सवय असते.

"बाबा, बाकीच्यांचं मी बघतो. देवळात त्या दिवशी तुमचं काम काय होतं, तेवढं सांगा."

म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "मी नुसतं ताट धरलं व्हतं, साहेब. देवाशपथ, मी नुसतं ताट धरलं व्हतं."

मग सगळं बाहेर आलं.

मतदानाच्या दोन दिवस आधी पॅनलच्या प्रमुखाने ती बाई राहायची त्या वस्तीतल्या बायकांना देवळात बोलावलं होतं. हा गावातला मोठा बागायतदार, स्वतःचं शीतगृह असलेला. पाच वर्षं ग्रामपंचायत त्याच्याच ताब्यात होती. प्रत्येक बाईला पाकीट मिळालं. पण त्याआधी प्रत्येकीने ताटातला बेल आणि भंडारा उचलायचा, म्हणजे देवाचं बेलाचं पान आणि हळद हातात घ्यायची आणि लेकराबाळांची आण घेऊन सांगायचं की मत ह्याच पॅनलला देईन. आमच्या भागात बेलभंडारा उचलून दिलेला शब्द काय असतो, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. भावाभावांचे बांधाचे तंटे कोर्टात मिटले नाहीत ते भंडाऱ्यावर मिटलेले मी पाहिले आहेत.

निकाल लागला आणि त्या वॉर्डातली जागा पॅनलने सात मतांनी घालवली. त्यांच्या हिशेबाने वस्तीतली नऊ मतं फुटली होती. आठवड्याने त्याच बायकांना पुन्हा देवळात बोलावलं. ज्यांनी शब्द पाळला त्यांनी पुन्हा भंडारा उचलून तसं सांगायचं. गुरव ताट धरून उभा होता. बावीस जणींनी भंडारा उचलला. तेविसाव्या बाईने हात पुढे केला, ताटापर्यंत नेला आणि मागे घेतला.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हनली, मला नाय उचलवत. मी मत दुसऱ्याला दिलं. पोरीची आन घिऊन खोटं नाय बोलवत मला."

नऊ मतं फुटली होती आणि कबूल झाली एकच बाई. म्हणजे बाकी आठ जणी त्याच ताटातला भंडारा उचलून देवासमोर खोटं बोलल्या होत्या. गुरवाने आणखी एक सांगितलं. बाई बोलल्यावर जो आरडाओरडा झाला, त्यात सगळ्यात मोठे आवाज बायकांचेच होते. त्यातल्या कोणत्या आठ, हे मी पुढे कधी शोधून काढलं नाही. त्यांना ओरडणं भागच होतं.

दुसऱ्या दिवसापासून पिकअप तिच्या दाराशी थांबेना. दुसरे बागायतदारही काम देईनात. दुकानात तिच्याशी कोणी बोलेना. नवऱ्याचं ट्रॅक्टरवरचं काम त्याच प्रमुखाकडे होतं, ते टिकावं म्हणून तो तोंड मिटून होता, आणि पुढे माझ्यासमोरही मिटूनच बसला. यातलं सगळं तिने सोसलं असतं. गरीब माणसाला सोसायची सवय असते. पण येता-जाता बायका तिला एकच ऐकवत होत्या की आण मोडलीस, आता पोरीला भोगावं लागेल. मुलगी बारावीला होती, एकुलती एक. आणि त्याच आठवड्यात मुलीला ताप आला.

तिसऱ्या दिवशी बाई शुद्धीवर आली. मृत्युपूर्व जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले. डॉक्टरांनी ती जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा शेरा दिला. अशा जबाबाच्या वेळी पोलिसाने खोलीत थांबायचं नसतं, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. अर्ध्या तासाने नायब तहसीलदार बाहेर आले. एरवी गप्पिष्ट माणूस. त्या दिवशी माझ्याकडे न बघता त्यांनी कागद पुढे केले आणि म्हणाले, "वाचून घ्या, साहेब."

तिच्याच बोलीत उतरवलेला जबाब होता. वस्तीची नळयोजना कागदावर पूर्ण झाली, पण नळाला एकदाही पाणी आलं नाही आणि ती पाच वर्षं बागेतल्या बोअरवरून हंडे वाहत होती, म्हणून तिने मत दुसऱ्या पॅनलच्या बाईला दिलं. मग देवळातली हकिकत. मग हे: "पोरीचा ताप उतरंना. मी देवाला म्हनलं, आन मी मोडली, मला घे, पोरीला सोड." आणि त्याखाली, पाकीट का घेतलंस या प्रश्नाचं उत्तर: "मी घेनार नव्हते. पन शाळेत पोलीस साहेब म्हनले व्हते, पैसे घ्या आनि मत मनाला पटंल त्याला द्या. म्हनून घेतले."

ते पोलीस साहेब म्हणजे मी.

निवडणुकीआधी आचारसंहितेच्या बैठका घेत मी गावोगाव हिंडलो होतो. त्या गावात शाळेच्या पटांगणात बैठक झाली. कायद्याची कलमं सांगितली की लोक जांभया देतात, म्हणून थोडं चुरचुरीत बोलायची मला खोड होती. मी म्हणालो होतो, "पाकीट आलं तर घ्या! तुमच्याच रस्त्यातले, तुमच्याच नळातले पैसे आहेत ते. मत मात्र मनाला पटेल त्यालाच. मशीन कोणाला सांगत नाही." बायका पदराआड हसल्या, पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. हे मी एका गावात नाही, निदान दहा-बारा गावांत म्हणालो असेन. मला ते फार हुशारीचं वाटायचं. मशीन सांगत नाही हे खरं होतं. ती बाईच सांगेल, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई गेली. मुलीचा ताप साधाच होता, त्यानंतर दोन दिवसांत उतरला.

आत्महत्येस प्रवृत्त करणं, सामाजिक बहिष्कार आणि निवडणुकीतली लाच, अशी कलमं लावून गुन्हा दाखल केला. पॅनलप्रमुखाला अटक करून समोर बसवला तेव्हा तो माझ्यापेक्षा शांत होता.

"मी कुणाला जबरदस्ती केली का, साहेब? जे झालं ते देवासमोर झालं."

"पाकिटं वाटलीस की नाही?"

"वाटली असं मी कुठं म्हनलो?" मग जरा पुढे सरकून तो म्हणाला, "आपलं दोघांतलं बोलतो. पैसे वाटले की पावती मिळत नाय. घेनारा तिकडं बी घेतो, इकडं बी घेतो. भंडारा हीच आमची पावती. ह्या बाया गरीब हायेत, पन आन मोडत नाय. म्हनून तर एवढा खर्च करायची हिंमत होते."

मी उठून त्याच्या कानाखाली वाजवणार होतो. नाही वाजवली, कारण तो खरं बोलत होता. आयुष्यात कधी दिलेला शब्द न पाळलेला माणूस त्या बायकांच्या शब्दावर लाखो रुपये लावत होता. त्यांच्या खरेपणावरच त्याचं सगळं राजकारण उभं होतं आणि त्याला याची पक्की माहिती होती. आम्ही मतदाराला भ्रष्ट म्हणतो. त्याचा पैसा मात्र मतदार प्रामाणिक आहे म्हणूनच वसूल होत होता.

मी वरिष्ठांकडे जाऊन जबाबातलं माझं वाक्य दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "असं सगळेच बोलतात हो. मीही बोललो असेन." तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, ते योग्यच झालं. मी साक्षीदार झालो.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. दरम्यान गुरव वारला. आशाताईचं नाव मी कुठे लिहिलं नव्हतंच. राहिल्या त्या टोळीतल्या बायका. आपल्याकडे निवडणुकीत पैसे देणारा गुन्हेगार आहे तसा घेणाराही. बचाव पक्षाच्या वकिलाने साक्षीआधीच ही गोष्ट गावात व्यवस्थित पोचवली होती. मग कोण कबूल करणार? एकेक बाई पिंजऱ्यात आली, ईश्वरसाक्ष खरं सांगण्याची शपथ घेतली आणि म्हणाली की देवळात काही झालंच नाही. सगळ्या फितूर झाल्या. खोट्या आणेची सवय त्यांना एकदा लागली होती, ती कोर्टात उपयोगी पडली. मला त्यांचा राग आला नाही म्हणणार नाही. आला. पण सकाळची पिकअप कोणाच्या दाराशी थांबायची हे अजूनही तोच माणूस ठरवत होता.

मुलीने मात्र साक्ष दिली. तोवर ती नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात कामाला लागली होती. वकिलाने तिला विचारलं, "म्हणजे तुमच्या आईने लाच घेतली होती, बरोबर?"

"हो, घेतली. आईनं ते मरताना जबाबात कबूल केलं. देणाऱ्यांनी अजून केलं नाय."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. माझ्यानंतरच्या तपास अधिकाऱ्याने माझ्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. आता आपली बाजू सावरेल, असं त्याला वाटलं असावं.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती. आदल्या दिवशी सरकारी वकील मला म्हणाले, "त्या भाषणाबद्दल विचारतील. आठवत नाही म्हणा. इतकी वर्षं झाली, कोण काय म्हणणार?" सल्ला व्यवहाराचा होता. पैसे घ्यायला पोलिसानेच सांगितलं असं ठरलं, तर लाचेची बाजू ढिली पडते आणि सगळा दोष माझ्या सैल जिभेवर टाकायला मोकळं रान मिळतं. उलट, बैठकीत हजर असलेला एकही माणूस तोंड उघडणार नव्हता. बाई हयात नव्हती, आणि तिच्या जबाबात नुसतं 'पोलीस साहेब' होतं, नाव नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर ते नाहीच राहिलं असतं.

वकिलाने सरळ विचारलं, "पैसे घ्या, असं जाहीर बैठकीत तुम्ही सांगितलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

आरोपीला संशयाचा फायदा मिळून तो निर्दोष सुटला. गावात फटाके वाजले, असं बीट अंमलदाराने फोन करून सांगितलं. माझ्या उत्तराने तो सुटला की फितुरांमुळे, हे मला नक्की सांगता येणार नाही. निकालपत्रात दोन्ही कारणं आहेत.

मी निवृत्त होऊन आता नाशिकला राहतो. मागच्या निवडणुकीत आमच्या सोसायटीत एका उमेदवाराचा निरोप आला, इमारतीला रंग लावून देतो, सगळी मतं आमची धरतो. बैठकीत प्राध्यापक होते, एक डॉक्टर होते, दोन बँकवाले होते. सचिव हसत म्हणाले, "घेऊया की, आपलेच पैसे आहेत. मत ज्याचं त्याच्या मनाने." मी उठून विरोध केला आणि कारणही सांगितलं. दोघांनी माझ्या बाजूने हात वर केले. रंग लागला, तो उमेदवार निवडूनही आला. आता इमारतीसमोरचा रस्ता उकरून ठेवलेला आहे आणि तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जायला कोणी पुढे होत नाही, कारण तोंड कोणत्या तोंडाने उघडणार? घेतलेल्या पैशाने मत बांधलं जात नसेल एखाद्या वेळी. जाब विचारायची हिंमत मात्र त्याच क्षणी जाते. पैसे वाटणाऱ्याला खरं म्हणजे तेवढंच विकत घ्यायचं असतं. त्याला आवर घालायला खर्च निरीक्षक आहेत, भरारी पथकं आहेत, आम्ही नाक्यावर उभे राहून गाड्या तपासतो. यातलं काहीही, दारात आलेलं पाकीट परत करणाऱ्या एका बाईइतकं उपयोगी नाही. आणि ती बाई ते परत करणारच होती.

हे सगळं मी आता मोठ्या तोंडाने लिहितो आहे, पण शिकवलं मला त्या मुलीने. निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या पायऱ्यांवर एकटीच उभी होती. बाप आला नव्हता, त्याला कामावर जायचं होतं. मी जवळ गेलो. माफी मागायची होती, पण आधी तीच बोलली.

"त्या दिवशी खरं बोलला, ते बरं केलं, साहेब."

"त्याने तो सुटला, बाळा."

"तो सुटलाच असता." तिने ओढणी नीट केली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "पन शाळेत बी खरंच बोलायला पाह्यजे व्हतं. घेऊ नका, एवढंच म्हनायचं व्हतं तुम्ही. आईनं ऐकलं असतं. बाकी कुनाचं नाय ऐकायची ती, पन वर्दीतल्या मानसाचं ऐकायची."

मी तिला हो म्हणालो. तिला दुपारच्या पाळीला पोचायचं होतं, ती बस पकडायला निघून गेली.